ऐकत नाहीत, की ऐकू येत नाही?



डोळ्यांच्या बाबतीत आपली माणसे आता बऱ्यापैकी जागरूक झाली आहेत. मोतीबिंदूचे शिबिर लागले की वस्तीतील म्हातारी माणसे सकाळी सातपासून रांगेत उभी राहतात. चष्मा लागला तर कोणी लाजत नाही. पण कानांच्या तपासणीसाठी अशी रांग लागलेली आपण कधी पाहिली आहे काय? दिसेनासे झाले की माणूस दवाखाना गाठतो. ऐकू येईनासे झाले की तो वर्षानुवर्षे घरातच बसून राहतो.

याचे कारण असे की डोळ्याचा त्रास ज्याचा त्याला लगेच कळतो. कान मात्र हळूहळू, इतके हळूहळू जातात की ज्याचे जातात त्याला पत्ताच लागत नाही. त्याला वाटते, हल्लीची पोरेच तोंडातल्या तोंडात बोलतात. त्रास आधी घरच्यांना होतो. टीव्हीचा आवाज वाढतो. हाक मारली तर ओ येत नाही. विचारावे एक आणि उत्तर मिळावे भलतेच. मग घरात बोलणे सुरू होते : "बाबा मुद्दाम ऐकत नाहीत." "आईला हवे तेवढेच ऐकू येते." "म्हातारपणी स्वभावच बदलला." आणि एक दिवस बाबा जेवणाच्या वेळी सर्वांत न बसता ताट घेऊन कोपऱ्यात बसू लागतात.

आजच्या लेखात एवढेच सांगायचे आहे की हा स्वभावाचा दोष नाही. ते कानाचे दुखणे आहे. ते कशामुळे होते, कसे टाळता येते आणि झालेच तर काय करावे, हे आपण क्रमाने पाहू.

कान कसा ऐकतो?

बाहेरून दिसतो तो कान म्हणजे फक्त दरवाजा. आवाज त्या वाटेने आत जाऊन कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागे तीन इवलीशी हाडे एकमेकांना जोडलेली असतात. त्यांच्या आकारावरून त्यांना हातोडी, ऐरण आणि रिकीब म्हणतात. रिकीब हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पडदा थरथरला की ही हाडे थरथरतात आणि तो धक्का आतल्या कानापर्यंत पोचवतात. आतला कान गोगलगाईच्या शंखासारखा वेटोळा असून पाण्यासारख्या द्रवाने भरलेला असतो. त्यात अतिशय बारीक केसांच्या पेशी असतात. एका कानात अशा पेशी सुमारे १५ ते १६ हजार. द्रव हलला की त्या डोलतात, आणि त्यांचा संदेश नसेतून मेंदूकडे जातो. तेव्हा कुठे आपण "ऐकले" असे म्हणतो.

या केसपेशी जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. डोक्यावरचा केस गेला तर पुन्हा येईल, कातडी सोलली तर भरून येईल, पण माणसाच्या कानातली केसपेशी मेली की तिच्या जागी दुसरी उगवत नाही.

बहिरेपणाचे दोन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे आवाजाची वाट अडणे. कानात मळ घट्ट बसणे, सर्दीमुळे पडद्यामागे पाणी साठणे, पडद्याला भोक पडून कान वाहणे, मधल्या हाडांपैकी एखादे जखडणे, ही त्याची कारणे. हा बहिरेपणा पुष्कळदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरा होतो. म्हणजेच आपल्या वस्तीत "ठार बहिरे" समजून सोडून दिलेल्या काही माणसांचे कान बरे होण्यासारखे असतात. फक्त कोणी तपासलेले नसतात.

दुसरा प्रकार आतल्या कानाचा किंवा नसेचा. वय, मोठा आवाज, गालगुंड, गोवर, मेंदूज्वर, जन्माच्या वेळची गुंतागुंत आणि काही औषधे यांमुळे केसपेशी मरतात. जेन्टामायसीन, अमिकासीन यांसारख्या इंजेक्शनांचा कानावर परिणाम होऊ शकतो. पूर्वी क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने महिनोन्‌महिने देत. त्यातून क्षय बरा झाला, पण कान अधू झाले, अशी माणसे जुन्या पिढीत सापडतात. अशी औषधे जीव वाचवण्यासाठी द्यावी लागतात, तेव्हा ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पण औषध चालू असताना कानात शिट्टी वाजू लागली, चक्कर आली किंवा ऐकू कमी आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. या दुसऱ्या प्रकारात गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही. तेथे श्रवणयंत्राचा उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. रात्री झोपताना कान चांगला होता आणि सकाळी उठल्यावर एक कान एकदम बंद झाला, तर "मळ असेल, जाईल" म्हणून वाट पाहू नये. ही तातडीची बाब आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांतच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पोचले, तर औषधाने ऐकणे परत येण्याची शक्यता असते. आठवडे गेले की ती कमी होत जाते.

गिरणीत गेलेले कान

आपल्या घरांतील बहिरेपणाचे एक मोठे कारण म्हणजे कामाच्या ठिकाणचा आवाज. मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण घेऊ, कारण त्या गिरण्यांत खपलेली माणसे आजही आपल्या घरांत आहेत.

गिरणीत पगार जास्त तो साचेखात्यात. पण तेथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली आपल्या माणसांना त्या खात्याची दारे बंद होती. त्यांची जागा बाबीन आणि रिंगच्या खात्यात. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. पुढच्या काळात हळूहळू ती दारे उघडली आणि आपली माणसेही साच्यांवर उभी राहिली. काम मिळाले, पण त्या खात्यातला आवाज कानाचे काय करतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. धोट्याचे शेकडो साचे एका छपराखाली चालू झाले की आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही बोलायचे ते ओठांच्या हालचालीवरून आणि हातवाऱ्यांनी. रिंगखात्यातही फार वेगळी स्थिती नव्हती. आठ तासांची पाळी, आठवड्याचे सहा दिवस, वीस-पंचवीस वर्षे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. गिरण्यांचे भोंगे थांबले, चिमण्या पडल्या, त्या जागेवर मॉल उभे राहिले. पण त्या आवाजाने केलेले नुकसान त्या माणसाच्या कानात अजून आहे. वयाने येणारा बहिरेपणा त्यावर चढतो आणि मग घरचे म्हणतात, "आबा फार लवकर बहिरे झाले."

आवाजाने कान कसा बिघडतो, हे समजायला शेतातली पायवाट आठवा. गवतावरून एकदा कोणी चालून गेले तर संध्याकाळपर्यंत गवत पुन्हा उभे राहते. रोज त्याच जागेवरून पन्नास माणसे चालली, तर गवत मरते आणि पायवाट पडते. केसपेशींचेही तसेच. पाळी सुटल्यावर कानात "सूं" आवाज येणे, कान जड वाटणे, रात्रीच्या झोपेनंतर सकाळी बरे वाटणे, ही दबलेल्या गवताची खूण आहे. तो इशारा समजावा.

साठ रुपये की आठ रुपये?

मोठ्या आवाजाने आधी जातात ते बारीक, तीक्ष्ण स्वर ओळखणाऱ्या पेशी. जाड आवाज ओळखणाऱ्या पेशी बराच काळ शाबूत राहतात. त्यामुळे घरात जो गोंधळ होतो, तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर जाड असतात. स, श, फ, त, क, ख ही व्यंजने बारीक आणि हलकी असतात. कान असा अर्धवट गेला की "साठ" मधला "स" गळतो आणि ऐकू येते "आठ". भाजीवाली सांगते साठ रुपये, आजोबा दहाची नोट काढून उरलेले दोन रुपये मागत उभे राहतात. लोक हसतात. आजोबांना वाटते आपली चेष्टा चालली आहे.

म्हणून असा माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." तो खरे सांगत असतो. बायकांचा आणि मुलांचा आवाज बारीक असतो, म्हणून त्याला मुलाचे बोलणे कळते, पण सुनेचे आणि नातीचे कळत नाही. सुनेला वाटते, मला मान देत नाहीत. दहा माणसे एकत्र बोलू लागली, पंखा, टीव्ही, बाहेरची रहदारी मिसळली, की काहीच कळत नाही. एकट्याशी बोलताना मात्र बरेच समजते. म्हणून "पाहिजे तेव्हा ऐकू येते" हा आरोप होतो.

आणखी एक गंमत अशी की हळू बोललेले ऐकू येत नाही, आणि ओरडून बोलले की तोच माणूस चिडून म्हणतो, "ओरडता कशाला, मी काय बहिरा आहे?" आतला कान बिघडला की हळू आवाज मुळीच पोचत नाही आणि मोठा आवाज एकदम टोचतो. मधली जागाच उरत नाही. किती घरांतील भांडणे या एका कारणाने झाली असतील!

यातून माणूस एकटा पडतो. तो लग्नाला जात नाही, सभेला जात नाही, दारात बसून राहतो. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने म्हातारपणातील स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणे सांगितली. त्यांत कमी ऐकू येणे हे एक प्रमुख कारण आहे. म्हणजे कानाकडे कानाडोळा केला तर प्रश्न पुढे मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

आजचा गोंगाट

गिरण्या गेल्या म्हणून आवाज गेला नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत. खडी फोडणारी यंत्रे, पत्रा ठोकण्याचे आणि ग्राइंडिंगचे वर्कशॉप, रस्ता फोडणारे ब्रेकर आहेत. तेथे आपलीच मुले कामाला आहेत.

आवाज धोक्याचा आहे की नाही हे यंत्राशिवाय ओळखण्याची साधी युक्ती आहे. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलायला ओरडावे लागत असेल, तर तो आवाज कानाला मारक आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास आणि १०० डेसिबलचा अवघी २० मिनिटे. डेसिबलचा आकडा किलोसारखा सरळ वाढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाचा मारा दुप्पट होतो. आपल्याकडच्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरली गेली, ती या हिशेबाने बरीच सैल आहे.

आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा धंद्यातून होणारा रोग आहे, हे कायद्याने मानले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात त्याची नोंद होती आणि त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ती आहे. म्हणून कामगार भावांनी तीन गोष्टी कराव्यात. कामाला लागताना आणि पुढे दरवर्षी कानाची तपासणी मागावी. त्या तपासणीचा कागद घरी जपून ठेवावा, कारण पुढे भरपाईचा प्रश्न आला तर तोच पुरावा असतो. आणि कानात घालायचे प्लग मालकाकडून मागून घ्यावेत आणि खरोखर वापरावेत. कापसाचा बोळा फारसा आवाज अडवत नाही. फोमचा प्लग दोन बोटांत चोळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नुसता तोंडाशी लावलेला प्लग म्हणजे कुलूप न लावलेले दार.

आता मिरवणुकीतल्या डीजेविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. जयंती असो, लग्न असो की गणपती, भिंतीएवढे स्पीकर लावलेल्या गाडीपुढे आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो. वरचा हिशेब लावला तर अर्ध्या तासातच आठवड्याचा कोटा संपून जातो, आणि आपण चार-चार तास नाचतो. लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरच्या तोंडाशी उभे राहतो. १४ एप्रिल आनंदाने, वाजतगाजत साजरा व्हावाच. पण आवाज थोडा खाली ठेवावा, मुले, गरोदर बाया आणि म्हाताऱ्यांना गाडीपासून लांब चालवावे, नाचणाऱ्यांनी प्लग घालावेत, हे मंडळाच्या कार्यकर्त्यांना सहज करता येईल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, हेही ठाऊक असावे.

तरुणांच्या कानातील मोबाइलच्या बोंड्यांचेही तसेच. आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये, दर तासाला कानाला विसावा द्यावा. शेजारी बसलेल्याला आपले गाणे ऐकू येत असेल, तर आवाज जास्त आहे असे समजावे.

मूल "ढ" नाही

लहान मुलांत कान वाहणे ही गरीब वस्तीतील फार जुनी तक्रार. दाट वस्ती, ओल, चुलीचा आणि विडी-सिगारेटचा धूर, वारंवार सर्दी. मुलांच्या नाकापासून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी चटकन कानात उतरते. बाळाला आडवे झोपवून बाटलीने दूध पाजले तर तेही तिकडे जाऊ शकते. डोके उंच धरून पाजावे.

कान वाहत नाही, दुखत नाही, पण पडद्यामागे चिकट पाणी साठलेले असते, असेही पुष्कळदा घडते. असे मूल वर्गात मागे बसते, बाईंचे अर्धे बोलणे त्याला पोचत नाही आणि त्याच्यावर "ढ" असा शिक्का बसतो. ज्या आई-बापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला शाळेत घातले, त्यांच्या मुलाचे शिक्षण कानातल्या पाण्यामुळे बुडावे, यासारखे दुर्दैव नाही. मूल सारखे "काय?" विचारत असेल, टीव्हीच्या जवळ जाऊन बसत असेल, अभ्यासात एकाएकी मागे पडले असेल, तर छडीच्या आधी कान तपासा.

तान्ह्या बाळाची कानाची तपासणी जन्मानंतर महिनाभरात करता येते. बाळ झोपलेले असताना दोन-चार मिनिटांत होते, दुखत नाही. दोष आढळला तर तीन महिन्यांच्या आत खात्री करून सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू व्हावा, असा सर्वसाधारण नियम आहे, कारण बोलणे शिकण्याचे वय तेच असते. "याचा बापही उशिरा बोलला होता" म्हणून तीन वर्षे थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतील आणि शाळेतील मुलांची तपासणी होते, त्यात जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. गरज असलेल्या लहान मुलांना आतल्या कानात बसवायचे यंत्र, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, सरकारी योजनेतून मिळू शकते. मात्र वय वाढण्याआधी पोचले पाहिजे. काही मुलांना खुणांच्या भाषेतून शिकावे लागते. ती पूर्ण भाषा आहे, त्यात कमीपणा नाही.

मूल बहिरे जन्मले की आईला दोष देण्याची चाल अजून गेलेली नाही. ग्रहणात भाजी चिरली म्हणून, मागच्या जन्मीचे फळ म्हणून, असे काहीही नसते. कारणे ठाऊक आहेत : गरोदरपणातील रुबेला, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण, जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, आणि रक्तातून आलेला दोष. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्न करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. जवळच्या नात्यातील लग्नात असा दोष उतरण्याची शक्यता वाढते. सोयरीक जमवताना वडीलधाऱ्यांनी याचा विचार करावा. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि दीड वर्षाच्या सुमारास मोफत मिळते, ती चुकवू नये.

कानात काय घालू नये

काडी, पिन, किल्ली, कापूस गुंडाळलेली काडी, यांपैकी काहीही नको. मळ हा कानाचा शत्रू नाही, तो धूळ आणि किडे अडवतो आणि बहुतेकांच्या कानातून आपोआप बाहेर येतो. काडीने तो आणखी आत ढकलला जातो. रस्त्यावरच्या कानमैल काढणाऱ्याकडून कान साफ करून घेऊ नये. वाहत्या कानात लसणाचे तेल, दूध, झाडपाल्याचा रस घालू नये, कारण पडद्याला भोक असेल तर ते सरळ आत जाते. कान वाहत असताना अंघोळीच्या वेळी पाणी जाऊ देऊ नये, पोहू नये. घाण वासाचा पू, कानामागे सूज, तीव्र ताप, चक्कर किंवा चेहरा वाकडा होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यात जिवाला धोका असतो.

तपासणी आणि यंत्र

मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, अशा सर्व मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत कान-नाक-घशाचा विभाग असतो. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ साली स्थापन झालेली ही संस्था केवळ ऐकणे आणि बोलणे यांच्या दोषांसाठीच काम करते. ईएसआयचे कार्ड असलेल्या कामगाराने तेथूनही तपासणी मागावी.

बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, बारीक-मोठे आवाज ऐकवतात, ऐकू आले की बोट वर करायचे किंवा बटण दाबायचे. टोचणे नाही, दुखणे नाही. त्याचा आलेख मिळतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असल्यास "ऐकण्यास जड" आणि ७० च्या पुढे "बहिरा" मानतात. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळाले की सवलतींचा मार्ग मोकळा होतो. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना केंद्र सरकारच्या "ॲडिप" योजनेतून श्रवणयंत्र मोफत किंवा सवलतीत मिळते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखीचा पुरावा तयार ठेवावा.

यंत्र मिळाले तरी अर्धे काम बाकी असते. पुष्कळ घरांत यंत्र कपाटात पडून असते. चष्मा लावला की लगेच दिसते, तसे यंत्राचे नाही. वर्षानुवर्षे शांततेत राहिलेल्या मेंदूला भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या चालण्याचाही आवाज एकदम टोचतो. पहिल्या आठवड्यात घरात, शांत वेळी, तासभर लावावे. मग रोज थोडे वाढवावे. सवय व्हायला एक ते तीन महिने लागतात. टोचत असेल, शिट्टी वाजत असेल, तर टाकून न देता जेथून घेतले तेथे जाऊन जुळवून घ्यावे. रात्री काढून ठेवावे, अंघोळीत लावू नये, पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह डबीत ठेवावे. जाहिरात पाहून किंवा पदपथावरून मिळणारी यंत्रे तपासणीशिवाय घेऊ नयेत. ती सगळाच आवाज वाढवतात, आणि उरलेला कानही बिघडू शकतो.

घरात बोलताना

यंत्र असो वा नसो, घरच्यांनी काही सवयी लावून घ्याव्यात. मागून हाक मारू नये, समोर यावे, खांद्याला हळूच हात लावावा. आपल्या तोंडावर उजेड असावा, म्हणजे ओठ दिसतात. टीव्ही बंद करून बोलावे. ओरडू नये. थोडे सावकाश आणि स्पष्ट बोलावे. एकदा सांगितलेले कळले नाही तर तेच शब्द पुन्हा न उच्चारता वेगळ्या शब्दांत सांगावे. पैशाचा आकडा, तारीख, औषधाची वेळ कागदावर लिहून द्यावी.

आणि एक वाक्य घरातून हद्दपार करावे. सगळे हसतात, आजी विचारते, "काय झालं गं?" आणि आपण म्हणतो, "काही नाही, जाऊ दे." ऐकू न येण्याने माणूस जेवढा दुखावतो, त्याहून अधिक या तीन-चार शब्दांनी दुखावतो. दोन मिनिटे काढून तिला तो विनोद पुन्हा सांगावा.

या आठवड्यात एवढे करा. घरातल्या प्रत्येकाच्या पाठीमागे चार-पाच हातांवर उभे राहून नेहमीच्या आवाजात दोन आकडे सांगा आणि परत म्हणायला लावा. ज्याचे दोनदा चुकेल त्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्या. मंडळाच्या किंवा विहाराच्या कार्यकर्त्यांनी डोळ्यांच्या शिबिराबरोबर कानांचेही शिबिर ठेवावे. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो, तो दिवस त्यासाठी चांगला आहे. जवळच्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाला मंडळाच्या कागदावर पत्र लिहून दोन महिने आधी विचारावे. कानाविषयी काही शंका असतील तर वाचकांनी त्या लिहून पाठवाव्यात, पुढील एखाद्या लेखात त्यांची उत्तरे देऊ.